उजवीकडची मोरणी

जिच्यावर अन्याय झाला ती चंद्राबाई बोहारीण, येरमाळ्याच्या बस स्टँडसमोर लिंबाखाली बसणारी. कधी झाला – तीन वर्षांपूर्वी, येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत, चुना वेचायच्या दिवशी, सकाळी नऊ ते साडेनऊच्या दरम्यान. पत्रक असंच सुरू करायचं असतं. कुणावर, कधी, कुठं. कुणी केला, हे तिसऱ्या ओळीत यायला पाहिजे. ती तिसरी ओळ मी आजवर कुठंच लिहिलेली नाही. आईजवळ बोललो नाही, संघटनेत नाही, दोस्तांत बसून जीभ सैल झाली तेव्हाही नाही.

आताही हात अडतोय बघा. आधी दुसरंच सांगतो.

माझं नाव वैभव. तुम्ही मला ओळखता. तुमच्या हातात माझी पत्रकं पडलेली आहेत – हायवेच्या कडेचे गाडे हलवू नका, स्टँडवर बायकांसाठी मुतारी बांधा, बाजारात बसणाऱ्याला सावली द्या. लाल शाई, जाड टाईप, शेवटी "जाब द्या". कळंबपासून परंड्यापर्यंत रस्त्यावर विकणाऱ्यांची बाजू या पोरानं लढवली, असं माझ्या सत्काराच्या बॅनरवर छापलं होतं. खोटं नव्हतं ते. म्हणून तर जास्त किळस येते.

बोहारीण म्हणजे काय, हे नव्या पोरांना सांगावं लागतं. दारोदार फिरून जुने कपडे घ्यायचे, बदल्यात स्टीलची वाटी नाहीतर डबा द्यायचा. मग ते कपडे धुवायचे, उसवलेलं शिवायचं, बटणं लावायची आणि बाजारात मांडायचे. कुठल्या साहेबाचा सफारी ढोकीच्या ऊसतोड्याच्या अंगावर गेला असेल, तर तो चंद्रामावशीच्या हातून गेला. तीही त्यातलंच काहीबाही घालायची. लुगड्यावर पुरुषी फुलशर्ट, थंडीत कुणाचा तरी काळा कोट. डोक्यावर गाठोडं, काखेत डब्यांची चळत. आणि नाकात डाव्या बाजूला एक बारीक मोरणी.

तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. सुई ओवून घ्यायला शाळेतल्या पोरींना हाका मारायची. आमच्या संघटनेनं मोफत शिबिर ठेवलं, तेव्हा ती नको नको म्हणत असताना तिला हाताला धरून गाडीत मी बसवलं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोठा काळा चष्मा मिळाला. डॉक्टरांनी बजावलं – महिनाभर ऊन नाही, धूळ नाही, चष्मा काढायचा नाही. मी शेजारीच उभा होतो. ऐकलं मी ते. "मी बघतो डॉक्टर," असं म्हणालोसुद्धा.

मग शिबिराच्या प्रसिद्धीसाठी मी तिच्याबरोबर सेल्फी काढला. फोन समोर धरला तशी ती पुढं वाकली.

"आरं, माजी मोरणी उजवीकडं गेली की रं."

"फोनात आरशासारखं दिसतं मावशे. उलटं."

"मग तुजं बी समदं उलटंच दिसत आसंल," म्हणाली, आणि नर्सबाईसुद्धा हसली.

ही मोरणी ध्यानात ठेवा.

आता चित्रांचं. तुळजापूरला कुलकर्णी सर राहतात. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. त्यांच्या पणज्यानं मुंबईला असताना जमवलेली जुनी छापील व्यंगचित्रं सरांकडं एका पत्र्याच्या पेटीत होती – दीडशे वर्षांमागची, दगडावरून छापलेली. पिवळी पडलेली, कडा कुरतडलेल्या. त्यात धोतरावर बूट-मोजे चढवून घड्याळाची साखळी मिरवणारे बाबू. विलायती छत्री घेऊन चिखलातून चाललेल्या बायका. आणि रस्त्यावर विकणारे तर किती – तेलवाला, काकणवाली, भाजीवाली, सगळ्यांची नाकं लांब, पोटं सुटलेली, तोंडं वासलेली. एका चित्रात बोहारीण होती. साहेबाच्या घरून मिळालेला कोट लुगड्यावर घातलेला, पायात एक बूट, एक पाय अनवाणी, डोक्यावर टोप्यांचा डोंगर. रस्त्यातला प्रत्येक जण तिच्याकडं बोट दाखवतोय.

सर ते चित्र धरून म्हणाले होते, "वैभव, हसायचं कुणाला हे चित्र सांगतं. हसवणारा कोण ते बघ. तो चित्रात कधीच नसतो. बाहेर उभा असतो, हात पुसत."

मला ते फार आवडलं. पत्रकात घालायला आवडलं. सरांकडून मी ते चित्र आठ दिवसांसाठी मागून आणलं, मोठं छापून समाजमंदिरातल्या आमच्या मेळाव्यात मंचामागं लावलं आणि त्याच्यापुढं भाषण केलं. बघा, म्हणालो, दीडशे वर्षं हे तुम्हाला हसतायत. तुम्ही कोट घातला तर हसतात. तुम्ही बूट घातला तर हसतात. टाळ्या पडल्या.

त्या दिवशी मी स्वतः कोट घालून गेलो होतो. निळा. फाल्गुनातलं ऊन, पत्र्याखाली दोनशे माणसं, आणि मी कोटात. पोरांना सांगितलं होतं, पुण्याहून घेतलाय. घामानं जीव जायला लागला तेव्हा भाषणाच्या मध्येच कोट काढला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला. टाकला तो उलटा पडला. अस्तर वर.

चंद्रामावशी पुढच्याच रांगेत, काळा चष्मा लावून. कितीतरी वर्षांनी तिला लांबचं दिसत होतं. ती उठली आणि सरळ मंचाकडं आली.

"चित्रातल्या कोटाचं ऱ्हाऊ दे रं लेकरा. ह्या खुर्चीवरच्या कोटाला ह्यो जांभळा तुकडा म्याच लावलाय. माज्या लुगड्याचा पदर हाय त्यो. कोट बार्शीच्या जुन्या कापडांच्या ढिगात गेला हुता. तुला कसा काय पुण्यात गावला?"

तिनं अस्तर वर करून सगळ्यांना दाखवलं. खुशीनं दाखवलं, हे आज कळतं मला. आपला टाका आपल्याला ओळखू आला, याची खुशी. पण दोनशे माणसं हसली. माझ्या मागं ते चित्र, त्यात बोट दाखवणारी माणसं, आणि पुढं ही माणसं – बोट माझ्याकडं. तेव्हा सरांचं वाक्य मला आठवलं का? नाही.

त्या दिवसापासून माझं नाव अस्तर पडलं. चहावाला विचारायचा, "अस्तर, कट का फुल?" पंचायतीचा शिपाई म्हणायचा, "अस्तरभाऊ, निवेदन आणलं का?" संघटनेची पोरं तोंडावर नाही म्हणायची, पाठ वळली की म्हणायची. मी त्यांच्यासाठी पोलिसांच्या काठ्या खाल्ल्या होत्या. आणि नाव काय पडलं – अस्तर.

मला राग आला होता एवढंच सांगून सुटता येईल. खरं सांगू? त्या रागात चव होती. मी तो जेवताना चघळायचो, गाडीवर चघळायचो. चहावाल्यावर नाही आला, शिपायावर नाही आला. त्यांच्याशी भांडायला दम लागतो. आला तो चंद्राबाईवर. जिला मी हाताला धरून डोळे दिले, तिनं त्याच डोळ्यांनी माझं अस्तर बघितलं. असा हिशोब मांडला होता मी. काय उलटा हिशोब आहे बघा.

यात्रेत फिरलेलं चंद्राबाईचं ते चित्र मी काढलं.

झाली लिहून तिसरी ओळ.

भर दुपारी काढलं, संघटनेच्या ऑफिसला आतून कडी लावून. सरांच्या चित्राचा फोटो कॉम्प्युटरवर घेतला. जुन्या बोहारणीचं तोंड पुसलं. शिबिरातल्या सेल्फीवरून चंद्राबाईचं तोंड गिरवलं – हनुवटी, पुढं आलेले दोन दात, नाकातली मोरणी. काळा चष्मा दुप्पट मोठा केला. टोप्यांच्या जागी स्टीलचे डबे. जुना कोट तसाच ठेवला आणि त्याच्या बाहीवर एक ठिगळ काढलं, जांभळं. खाली जाड टाईपात – "येरमाळ्याची नवी फॅशन". मला येतात अशी अक्षरं. तीच तर येतात. चित्र पुरं झालं तेव्हा मी एकटाच हसलो. मोठ्यानं.

मेळाव्यात ज्याच्यावर मी भाषण ठोकलं होतं, तेच. तसूभर फरक नाही.

जिल्ह्याबाहेरच्या छापखान्यातून पाचशे कागद छापून आणले. छापणाऱ्याचं नाव नाही, संघटनेचं नाही. चुना वेचायच्या दिवशी पहाटेपासून वाट भरलेली असते. देवीची पालखी निघालेली, माणसं रानात वाकून चुनखडीचे पांढरे खडे वेचतायत. मी कुणाच्या हातात काही दिलं नाही. सरबताच्या गाड्यावर थोडे, चपलांच्या ढिगाशेजारी दगडाखाली थोडे, रसवंतीच्या फळीवर थोडे. बाकीचं तुम्ही केलंत.

व्हय, तुम्ही. मी पाचशेच आणले होते. फोटो काढून गावोगाव तुम्ही पाठवला. पण थांबा, तुमच्याकडं नंतर येतो.

चंद्राबाई त्या वर्षी मुद्दाम आली होती. गेली कितीतरी वर्षं चुना चाचपून वेचायची, खडा म्हणून ढेकूळ उचलायची आणि बायका हसायच्या. यंदा डोळ्यानं बघून वेचणार, असं तिनं देवीला बोललं होतं. ओटीत सात-आठ खडे झालेही होते. मी रसवंतीजवळ उभा होतो, तिथून दिसत होती ती. मग दोन पोरी कागद घेऊन तिच्याजवळ आल्या. एकीनं कागद दाखवला. मागून कुणीतरी ओरडलं, "मडम, गॉगल कितीला घेतला?" मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. एक बाप आपल्या लेकराला खांद्यावर घेऊन दाखवत होता – ती बघ, चित्रातली बाई.

तिनं कागद डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ धरला. मग दोन्ही हातांनी चष्मा काढला, पुसला नाही, पदरात बांधला. आणि त्या उन्हात, हजारो पायांनी उडवलेल्या फुफाट्यात खाली वाकून परत खडे वेचायला लागली. चाचपून.

चष्मा फॅशनचा नव्हता आणि डॉक्टरांचा महिना अजून भरला नव्हता, हे तिथं दोघांनाच माहीत होतं. तिला आणि मला. मला एवढंच करायचं होतं, ओरडायचं – मावशे, चष्मा घाल. वीस पावलं होती. माझ्या हातात रसाचा ग्लास होता. मी तो सगळा प्यालो. थंडगार होता. आणि मला बरं वाटत होतं, हेही लिहून ठेवतो, कारण नंतर कुणीतरी म्हणेल की पोराला लगेच पश्चात्ताप झाला असेल. नाही झाला. फिट्टंफाट झाली असं वाटलं.

आठवड्यात तिचा डोळा सुजला, पू झाला. सोलापूरला नेलं तिच्या लेकीनं. त्या डोळ्याला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन तिनं करून घेतलं नाही. कशानं झालं ते डॉक्टरांनी नक्की सांगितलं नाही, मी त्यांना विचारायला गेलोही नाही. मला विचारायची गरज नव्हती.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, एवढंच ना? अजून आहे.

गावात बोंब झाली. बाजारातल्या बायका चिडल्या, चित्र कुणाचं म्हणून माझ्याकडं आल्या. मीच त्यांचा पुढारी. मी काय केलं? पत्रक काढलं. "कष्टकरी बाईची टिंगल करणारा हा भेकड कोण? समोर ये. तोंडाला काळं फासू." त्याच कॉम्प्युटरवर, त्याच खुर्चीत बसून लिहिलं. माझं आजवरचं सगळ्यात चांगलं पत्रक ते. खरंच. इतका संताप मला परत कधी साधला नाही.

मूळ चित्र मेळाव्यात सगळ्यांनी बघितलं होतं, आणि ते कुणाकडचं हे मीच माईकवरून सांगितलं होतं. पोरांनी सरांना निषेधाच्या सभेला बोलावून घेतलं. सर एसटीनं आले. मला वाटलं, आता संपलं आपलं. चित्र आठ दिवस कुणाकडं होतं, हे एक वाक्य ते बोलले असते तर तिथंच निकाल लागला असता. सर उभे राहिले आणि म्हणाले, "चित्र माझ्या पेटीतलं आहे. बाईंची मी माफी मागतो." माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. एका पोरानं बाटली उघडून त्यांच्या तोंडाला काळी शाई फासली. त्याला मी ओळखतो, त्याचं नाव घेणार नाही. काळं फासायला त्याला मी शिकवलं. सर रुमालानं तोंड पुसत स्टँडवर गेले. कानामागची शाई तशीच राहिली होती. तुळजापूरच्या गाडीला गर्दी होती, ते उभे राहून गेले. मी मंचावर बसून होतो. निषेधाचा ठराव वाचायचा होता मला.

सर का गप्प राहिले? मला माहीत नाही. त्यांच्या चांगुलपणाच्या आडोशाला मी तीन वर्षं राहिलो, एवढं माहीत आहे.

हे सगळं मी गेल्या महिन्यापर्यंत पोटात घालून चाललो होतो, आणि नीट चाललो होतो. झोप लागत होती. गेल्या महिन्यात लिंबाखाली गेलो होतो, सह्या घ्यायला. चंद्रामावशी शर्टाला बटण लावत होती, डोळे दुसरीकडंच, बोटांनी बघत. मी शेजारी बसलो तसा तिनं माझ्या कॉलरला हात लावला, दुमडलेली शिवण चाचपली.

"कोण, अस्तर का?"

"व्हय मावशे."

"आरं, त्या चित्रवाल्याचा पत्ता लागला का?" असं म्हणून तिनं डब्याच्या तळातून तो कागद काढला. घडीवर फाटत आलेला. "सरानं न्हाय काढलं ते. सर चित्राचा मास्तर, असं चुकंल का त्यो? ह्यात मोरणी उजवीकडं हाय. मला डावीकडं टोचलंय. उजवीकडं म्या येकदाच बघितलीया, जल्मात येकदाच."

मलाही कळलं, तिलाही कळलं की मला कळलंय. तिनं दार उघडून धरलं होतं. मी नुसतं आत पाऊल टाकायचं होतं. शिव्या द्यायची नव्हती ती. एवढ्या शांतपणे मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

मी म्हणालो, "न्हाय मावशे. पत्ता न्हाय लागला."

"बरं," म्हणाली ती. कागदाची घडी घातली, डब्यात ठेवली आणि पुढचं बटण घेतलं.

यात्रेतल्या चित्राहून हे "न्हाय" मोठं आहे. चित्र रागात काढलं, असं कुणी म्हणेल. हे शांत डोक्यानं म्हटलं. तिच्या शेजारी बसून, तिचा हात नुकताच माझ्या कॉलरवरून फिरलेला असताना.

आता तुमच्याकडं येतो.

मी माफी मागत नाही. तिची मागायला उद्या सकाळी लिंबाखाली जाणार आहे, हे पत्रक तिला वाचून दाखवणार आहे, मग तुळजापूरला जाणार आहे. तिथं काय व्हायचं ते होवो, ते तुमच्यापुढं मांडणार नाही. तुमच्याकडून मला दया नको, "कबूल तर केलं पोरानं" असली शाबासकी तर अजिबात नको. माझ्यावर सूड घ्यायला चंद्राबाई उठणार नाही, ती तसली बाई नाही. सर उठणार नाहीत. म्हणून तो मीच घेतोय, आणि त्यात तुम्हाला ओढणार आहे, कारण हसला तुम्ही होता.

तीन वर्षं झाली, ते चित्र अजून आहे. कळंबच्या सलूनमध्ये आरशाच्या कोपऱ्यात आहे. हायवेवरच्या दोन हॉटेलांत गल्ल्यामागं आहे. परंड्याच्या स्टँडवर पानाच्या टपरीला आतून चिकटवलेलं मी स्वतः बघितलंय आणि तिथूनच पान खाऊन आलोय.

हा कागद उलटा. मागं तेच चित्र आहे – तोच कोट, तोच बूट, तेच डबे. तोंड माझं आहे. नाव मोठ्या अक्षरात आहे, अस्तर कंसात. हसवणारा आता चित्रात आलाय.

तुमच्या गावात तिचं चित्र जिथं लावलंय ते तुम्हाला माहीत आहे. खळ घ्या, तिथं जा, आणि हे त्याच्यावर चिकटवा. आजच.